वनस्पतियुक्त गोड्या पाण्यातील मत्स्यालयाची पुनर्मांडणी आणि उपयुक्त जीवाणूंचे जतन

प्रस्तावना

प्राणिशास्त्र अथवा वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत पाणवनस्पती लावलेले एखादे मत्स्यालय बहुधा असतेच. पेशीद्रव्याचे परिभ्रमण दाखविण्यासाठी व्हॅलिस्नेरियाची पाने, प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी हायड्रिला आणि सोबतीला गप्पी, मॉली किंवा गोल्डफिश असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. काही वर्षांत तळाची माती निःसत्त्व होते, रेतीखाली काळा गाळ साचतो, मुळे एकमेकांत गुंततात, काचेवर शेवाळ चढते. कधी प्रयोगशाळेची रंगरंगोटी निघते, तर कधी टाकीचा सांधा पाझरू लागतो. अशा वेळी मत्स्यालय पूर्ण रिकामे करून नव्याने उभे करावे लागते. या कामाला प्रस्तुत लेखात पुनर्मांडणी असे म्हटले आहे.

मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी हे काम हमखास निघते व ते अत्यंत निष्ठेने केले जाते. रेती नळाखाली धरून पाणी नितळ येईपर्यंत धुतली जाते, गाळणीतील स्पंज साबणाने स्वच्छ होतो, टाकी ब्लीचिंग पावडरने घासून निघते. टाकी चकचकीत दिसू लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मात्र मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात व आठवडा उलटण्यापूर्वी त्यांतील काही मरतात. दोष कधी पाण्याला, कधी खाद्याला, तर कधी मासे विकणाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात माशांच्या मृत्यूचे कारण बहुतेक वेळा ती स्वच्छताच असते. मत्स्यालयातील विषारी अमोनियाचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारी जी सूक्ष्मजीवसृष्टी कित्येक आठवड्यांत उभी राहिलेली असते, ती एका दुपारी नाल्यात जाते. ही सृष्टी कोठे वसते, तिला काय मानवते आणि पुनर्मांडणीत ती कशी टिकविता येते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नायट्रीकरणाचा शोध: एक उपयुक्त पूर्वपीठिका

वनस्पतियुक्त मत्स्यालयाचा इतिहास आणि नायट्रीकरणाच्या शोधाचा इतिहास यांत एक कौटुंबिक दुवा आहे. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये आपल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काचेच्या पात्रात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाची रोपे आणि पाणगोगलगायी ठेवल्यास पाणी न बदलताही जीव तग धरतात, असे त्यात दाखविले होते. वनस्पती प्राणवायू पुरवितात व गोगलगायी कुजकी पाने खाऊन टाकतात, अशी त्यांची मांडणी होती. ती चूक नव्हती, परंतु अपुरी होती. त्या पात्रातील तिसरा, न दिसणारा भागीदार त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हता.

त्याचे कार्य प्रथम उघड केले ते फ्रान्समधील श्लोझिंग व म्युन्झ यांनी, १८७७ मध्ये. त्यांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश पाझरू दिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत राहिला व त्यानंतर नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावर मातीचे थोडे धोवण नळीत ओतले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. आज मत्स्यालय 'पिकविणे' म्हणून जे सांगितले जाते ते सारे या एका प्रयोगात आहे: वीस दिवसांची प्रतीक्षा, जंतुनाशकाने होणारी हानी आणि जुन्या ठिकाणच्या विरजणाने होणारी पुनःस्थापना. पुढे याच वॉरिंग्टन यांचे चिरंजीव, त्यांचेही नाव रॉबर्टच, यांनी रॉथमस्टेड येथील कृषिसंशोधन केंद्रात नायट्रीकरणावर दीर्घकाळ काम केले व ही क्रिया दोन टप्प्यांची असल्याचे दाखविले. त्यासाठी जबाबदार जीवाणू शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे श्रेय मात्र त्यांना मिळाले नाही. ते १८९० मध्ये झुरिक येथे काम करणाऱ्या सर्गेई विनोग्राडस्की यांच्याकडे गेले.

पाठ्यपुस्तकांत आजही नायट्रोसोमोनास अमोनियाचे नायट्राइट करतो आणि नायट्रोबॅक्टर नायट्राइटचे नायट्रेट करतो, एवढेच सांगितले जाते. मत्स्यालयापुरते हे विधान आता दुरुस्त करणे आवश्यक आहे. होव्हानेक व डीलाँग यांना १९९६ मध्ये गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत नायट्रोबॅक्टर आढळला नाही. १९९८ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे नायट्राइटचे काम नायट्रोस्पायरा गटातील जीवाणू करतात असे दाखविले. २०११ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांना बहुसंख्य गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांच्या गाळण्यांत अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे प्रमुख सूक्ष्मजीव जीवाणू नसून आर्किया असल्याचे आढळले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पूर्ण करणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यांच्यावरील दोन शोधनिबंधांपैकी एकाचे नमुने मत्स्यपालनाच्या गाळणयंत्रणेतूनच घेतलेले होते. त्यामुळे 'उपयुक्त जीवाणू' हा शब्द येथे सोयीसाठी वापरला असला तरी त्यात आर्कियाही अभिप्रेत आहेत.

या तपशिलाला व्यावहारिक महत्त्व आहे. जुन्या मत्स्यालयात अमोनियाचे प्रमाण अत्यल्प असते व तेथील सूक्ष्मजीवसमूह त्या अल्प प्रमाणाशी जुळवून घेतलेला असतो. बाटलीतून मिळणाऱ्या जीवाणूंच्या द्रावणांत तोच समूह असेल याची शाश्वती नसते व त्यांचा परिणामही सारखा येत नाही. स्वतःच्या टाकीतील मळकट स्पंज हा त्यांहून अधिक भरवशाचा आणि विनामूल्य साठा होय.

जीवाणूंचे वसतिस्थान

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे भाग आहे. जुने पाणी राखून ठेवले म्हणजे जीवाणू राखले, अशी समजूत आढळते. नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजीव प्रामुख्याने पृष्ठभागांना चिकटून, चिकट द्रव्याच्या पातळ थरात म्हणजेच जैवपटलात राहतात. गाळणीतील स्पंज व सिरॅमिकच्या कड्या, रेतीचा वरचा थर, लाकडाचे ओंडके, दगड, काच, वनस्पतींची पाने व मुळे ही त्यांची घरे होत. मोकळ्या पाण्यात त्यांची संख्या तुलनेने नगण्य असते. याचा एक सुखद परिणाम असा की, पुनर्मांडणीच्या वेळी बहुतेक सर्व पाणी बदलले तरी नायट्रीकरणाची क्षमता फारशी घटत नाही. मात्र पृष्ठभाग धुतले तर पाणी शंभर टक्के जुने असूनही काही उपयोग होत नाही.

गाळणीचे स्थान यांत सर्वांत वरचे असते, कारण तिच्यातून अमोनिया व प्राणवायू या दोहोंचा प्रवाह अखंड वाहत असतो. एक मिलिग्रॅम अमोनियारूप नायट्रोजनचे पूर्ण ऑक्सिडीकरण होण्यास सुमारे ४.५७ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. एवढी भूक असलेला समूह तळाच्या खोल, प्राणवायूरहित थरात नांदू शकत नाही. तेथे निराळे जीवाणू असतात. ते नायट्रेटचे विघटन करतात आणि काही सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. रेती उकरताच येणारा कुजक्या अंड्याचा वास त्याचाच असतो. म्हणून 'जुनी रेती सगळी जपावी' हा सल्लाही तितकासा योग्य नाही. जपावयाचा तो वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर.

या सूक्ष्मजीवांची वाढ अतिशय मंद असते. प्रयोगशाळेत परिचित असलेला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रीकरण करणाऱ्या जीवाणूंना त्यासाठी कित्येक तास, बहुधा एक दिवस वा त्याहून अधिक काळ लागतो. नवे मत्स्यालय स्थिर होण्यास तीन ते सहा आठवडे लागतात ते यामुळेच.

अमोनिया, सामू आणि पाण्याचा प्रदेश

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. आयनरूप अमोनियम माशांना फारसा अपायकारक नाही, परंतु मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज शरीरात शिरतो. दोहोंचे प्रमाण सामू व तापमान यांवर ठरते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी केवळ ०.५७ टक्के मुक्त असतो. सामू ८ असताना हे प्रमाण ५.४ टक्के, तर ९ असताना सुमारे ३६ टक्के होते. माशांच्या दृष्टीने मुक्त अमोनियाची सुरक्षित मर्यादा सामान्यतः लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास मानली जाते.

एका साध्या हिशेबाने धोक्याची कल्पना येते. शंभर लिटरच्या टाकीत रोज एक ग्रॅम खाद्य पडते व त्यात ४० टक्के प्रथिने आहेत असे धरू. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे रोज ६४ मिलिग्रॅम. त्यातील निम्मा अमोनियारूपाने पाण्यात आला असे मानले, तर रोज लिटरला ०.३२ मिलिग्रॅम वाढ होते. जीवाणू नसतील व वनस्पतीही काम करीत नसतील, तर चार दिवसांत ही पातळी १.२८ मिलिग्रॅमवर जाते. सामू ७ असल्यास त्यातील मुक्त अमोनिया ०.००७ मिलिग्रॅम भरतो व मासे तगतात. सामू ८ असल्यास तो ०.०६९ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या तिपटीहून अधिक होतो. मासे तिसऱ्या-चौथ्या दिवशी का मरतात, याचे उत्तर या गणितात आहे.

दख्खनच्या बेसाल्टमधील विहिरी व कूपनलिकांचे पाणी सामान्यतः कठीण व किंचित अल्कधर्मी असते. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यातील महाविद्यालयांत हा धोका अधिक. कोकणातील जांभ्या दगडाच्या प्रदेशात पाणी मृदू व किंचित आम्लधर्मी असल्याने तात्कालिक धोका कमी, पण तेथे निराळी अडचण उद्भवते. एक मिलिग्रॅम अमोनियारूप नायट्रोजनच्या नायट्रीकरणात कॅल्शिअम कार्बोनेटच्या मापात सुमारे ७.१४ मिलिग्रॅम अल्कता खर्च होते. वनस्पती नायट्रेट शोषतात तेव्हा त्यातील काही भाग परत मिळतो, तरीही मृदू पाण्याची अल्कता हळूहळू संपते, सामू घसरतो आणि नायट्रीकरण मंदावते. अशा जुन्या टाकीत पुष्कळ अमोनियम साचूनही मासे ठणठणीत दिसतात. पुनर्मांडणीच्या वेळी तिच्यात एकदम अल्कधर्मी पाणी भरले, की तेच अमोनियम काही क्षणांत मुक्त अमोनियात बदलते. म्हणून रिकामी करण्यापूर्वी जुन्या व नव्या पाण्याचा सामू मोजणे ही पहिली पायरी होय. फरक मोठा असेल तर आधीचे आठ-दहा दिवस थोडे-थोडे पाणी बदलून तो कमी करावा.

वनस्पतींचा वाटा

वनस्पतियुक्त मत्स्यालयाचे वेगळेपण असे की, अमोनियाचा दुसरा ग्राहक तेथे आधीच हजर असतो. बहुसंख्य पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम अधिक पसंत करतात, हा मुद्दा डायना वॉल्स्टॅड यांनी १९९९ च्या 'इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अक्वेरियम' या ग्रंथात विस्ताराने मांडला आहे. तथापि पुनर्मांडणीत नेमका हाच ग्राहक काही दिवस आजारी पडतो. मुळे तुटतात, पाने कापली जातात, क्रिप्टोकोरिनसारख्या वनस्पतींची पाने तर जागा बदलताच विरघळल्यागत गळून पडतात व स्वतःच अमोनियाचा स्रोत बनतात. तरंगत्या किंवा मुळांवाचून वाढणाऱ्या वनस्पतींना ही बाधा पोहोचत नाही. सेराटोफायलम, हायड्रिलाच्या काड्या किंवा साल्व्हिनिया पहिल्या दिवसापासून अमोनियम शोषू लागतात. पुनर्मांडणीनंतरचे तीन-चार आठवडे अशा वनस्पतींनी पृष्ठभागाचा काही भाग झाकून ठेवणे हा स्वस्त विमा आहे. पुढे त्या काढताना नाल्यात वा तळ्यात न टाकता बागेच्या खतखड्ड्यात टाकाव्यात. साल्व्हिनियाने व्यापलेली तळी पाहिलेल्यास याचे कारण सांगावयास नको.

प्रत्यक्ष कार्यपद्धती

कामाचा दिवस निवडताना मे महिना टाळावा. सुट्टीमुळे तो सोयीचा वाटतो, परंतु संतृप्त अवस्थेतील पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅमच. शिवाय सुट्टीत पुढील दोन आठवडे पाण्याची रोज तपासणी करणारे कोणी नसते. दिवाळीनंतरचे सत्र यासाठी अधिक योग्य.

आदल्या दिवशी नळाचे पाणी पिंपात साठवून त्यात एअर पंप सोडावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन शिल्लक असणे अपेक्षित आहे, आणि जैवपटलाला ते मानवत नाही. रात्रभराच्या वायुवीजनाने क्लोरिन उडून जातो. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरले जात असल्यास ते असे सहज जात नाही. अशा ठिकाणी सोडिअम थायोसल्फेट वापरावे, मात्र त्यामुळे अमोनिया मोकळा होतो हे ध्यानात ठेवावे.

कामाची सुरुवात गाळणीपासून करावी. टाकीतील पाणी अजून गढूळ झालेले नसताना ते एका बादलीत घ्यावे व स्पंज, कड्या, लाकूड व दगड त्यात बुडवून ठेवावेत. बादलीत एअरस्टोन सतत चालू हवा. बादली सावलीत असावी, कारण यांतील काही जीवाणूंना तीव्र प्रकाश बाधतो. माशांसाठी दुसरी मोठी बादली घेऊन शक्य असल्यास गाळणी तिच्यावरच चालू ठेवणे उत्तम. माशांचे उत्सर्जन जीवाणूंना मिळते व जीवाणूंचे काम माशांना. बंद डब्याची गाळणी असेल तर ती पाण्याने भरलेल्या स्थितीत बंद करून ठेवू नये. आतील प्राणवायू काही तासांत संपतो, जैवपटल कुजू लागते आणि पुन्हा सुरू करताच ते दुर्गंधीयुक्त पाणी टाकीत येते. वीज दीर्घकाळ खंडित झाल्यावरही हेच घडते. अशा वेळी डबा उघडून आतील पाणी टाकून द्यावे व मगच गाळणी चालू करावी.

उपासमारीचे भय बाळगण्याचे कारण नाही. ओलावा व प्राणवायू मिळत राहिल्यास हे सूक्ष्मजीव अमोनियावाचून काही दिवस सहज तगतात, त्यांची क्रियाशीलता तेवढी घटते. वाळणे मात्र घातक. उन्हात वाळविलेल्या कड्या जीवाणूंच्या दृष्टीने नव्याच समजाव्यात.

स्पंज फार तुंबलेला असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा हलकेच पिळावा. उद्देश पाण्याचा मार्ग मोकळा करणे हा आहे, स्पंज मूळ रंगावर आणणे हा नव्हे. प्रयोगशाळा परिचरास ही गोष्ट आधी समजावून सांगणे इष्ट, अन्यथा त्याच्या कर्तव्यदक्षतेपुढे सर्व सूक्ष्मजीवशास्त्र निष्प्रभ ठरते.

त्यानंतर वनस्पती काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात आणि मासे हलवावेत. रेतीला हात लावण्यापूर्वी मासे टाकीबाहेर असलेच पाहिजेत. पाणी बोटभर उरले असता वरचा थर पसरट भांड्याने अलगद खरवडून वेगळ्या बादलीत घ्यावा व खालचा काळा गाळ टाकून द्यावा. नवी माती किंवा रेती घातल्यावर हा जुना थर तिच्यावर पसरावा. दोन्ही मिसळणे नको असेल तर जुनी रेती नायलॉनच्या जाळीदार पिशवीत भरून तीन-चार आठवडे टाकीत ठेवावी. नव्या टाकीत जुनी गाळणी तशीच बसवावी. टाकीबरोबर गाळणीही बदलावयाची असल्यास जुना स्पंज नव्या गाळणीत ठेवावा, किंवा दोन्ही गाळण्या महिनाभर एकत्र चालवाव्यात.

पाणवनस्पतींसाठी विकल्या जाणाऱ्या पोषक दाणेदार मातीबाबत विशेष दक्षता हवी. ती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. जुनी गाळणी असली तरी तिची क्षमता पूर्वीच्या भाराएवढीच असते, अचानक वाढलेल्या भाराएवढी नव्हे. अशी माती वापरताना मासे दुसऱ्या टाकीत ठेवून, अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यानंतरच परत आणावेत.

पुढील दोन आठवडे

पहिले दोन-तीन दिवस खाद्य देऊ नये. प्रौढ, निरोगी मासे तेवढा काळ सहज काढतात. नंतरही आठवडाभर निम्मेच द्यावे. अमोनिया व नायट्राइट रोज मोजावे. रसायनशास्त्र विभागाच्या सहकार्याने हे अल्प खर्चात होऊ शकते. नेस्लरच्या अभिकर्मकात पारा असल्याने अमोनियासाठी सॅलिसिलेट पद्धत श्रेयस्कर, नायट्राइटसाठी ग्रीस अभिक्रिया पुरेशी. अमोनिया उतरल्यावर नायट्राइट चढले तर घाबरून पुन्हा टाकी धुण्याची चूक होते. तो दुसरा टप्पा मागे पडल्याचे लक्षण आहे. नायट्राइट माशांच्या हिमोग्लोबिनचे मेथिमोग्लोबिन करते व रक्त तपकिरी दिसू लागते. क्लोराइड आयन कल्ल्यांपाशी नायट्राइटला अटकाव करीत असल्याने दहा लिटरला एक ग्रॅम साधे मीठ घातले तर लिटरला सुमारे ६० मिलिग्रॅम क्लोराइड मिळते. एवढ्याने बहुतेक पाणवनस्पतींना इजा होत नाही. मिठासोबत पाण्याचा काही भाग रोज बदलावा.

जतन केव्हा करू नये

या सर्व विवेचनाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. टाकीत मासे सतत रोगाने मरत असतील, अंगावर व्रण पडून खंगत असतील, तर जैवपटलासोबत रोगजंतूही जपले जातात. मत्स्यक्षयास कारणीभूत होणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम जैवपटलात दीर्घकाळ राहतो व हातावरील जखमेतून माणसाच्या त्वचेलाही संसर्ग करतो. विद्यार्थी ज्या टाकीत हात घालतात तिच्याबाबत येथे तडजोड नको. अशा वेळी स्पंज, रेती व वनस्पती सर्व टाकून द्यावे, टाकी निर्जंतुक करावी आणि श्लोझिंग व म्युन्झ यांच्या नळीप्रमाणे वीस दिवसांची प्रतीक्षा मासे नसलेल्या टाकीत, अमोनिअम क्लोराइडची अल्प मात्रा देऊन करावी. विरजणासाठी स्पंजाचा तुकडा लागलाच, तर तो दुसऱ्या विभागाच्या वा परिचिताच्या अशा टाकीतून घ्यावा, जिच्यात गेल्या कित्येक महिन्यांत एकही मासा अकारण मेलेला नाही.